तलवारीला काय ठाऊक

चिखली, ७ ऑगस्ट २०२५

चि. धम्मरत्न,

आईचा जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट. मारुंजीची तुझी खोली बदलली नसेल असं धरून चालते. चिखलीहून मारुंजी काही लांब नाही, दोन बस बदलल्या की माणूस पोचतं, पण मी येणार नाही. बोलावल्याशिवाय पोराच्या दारात जायची मला सवय नाही आणि ती लावून घ्यायचं आता वय नाही.

घरचं सांगते. तुझी ताई बरी आहे. कंपनीच्या बसने चाकणला जाते-येते. माझे गुडघे होते तसेच आहेत. विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याचकडे आहे. बाबांच्या स्मृतिदिनाला आबाजीकाकांनी विचारलं, धम्मा का नाही आला. मी म्हटलं, हिंजवडीत रजा मिळत नाही. त्यांनी मान हलवली. खोटं बोलले हे दोघांनाही कळलं.

एवढं लिहिलं ते मुद्द्यावर यायला उशीर व्हावा म्हणून. मुद्दा असा की मी तुझी कादंबरी वाचते आहे.

विहारात पुस्तकं बदलायला शेजारच्या शालनबाईंची नात आरोही येते, आता नववीत आहे. एक दिवस म्हणाली, "आजी, तुमच्या कपाटात असलं काही नाही बघा," आणि मोबाईल पुढे केला. 'मेघनाळचा वारस'. खाली लेखकाचं नाव, भिवासुत. मी तिला म्हटलं, हे मला माझ्या फोनवर काढून दे, अक्षर मोठं करून दे. का, ते सांगितलं नाही. या घरकुलात कोणालाच सांगितलेलं नाही.

बाबांची नोकरी तुला मिळाली नाही. त्यांचं नाव तू आपण होऊन घेतलंस. चांगलं केलंस.

आतापर्यंतचे सगळे भाग वाचले. बाबा जेवायला बसले की मी त्यांना वाचून दाखवायची, आठवतं ना? ते गेल्यापासून मनातल्या मनातच वाचते. तुझा होडी उलटण्याचा भाग मात्र मी मोठ्याने वाचला. घरात कोणी नव्हतं. ताट वाढून घेतलं होतं, ते तसंच राहिलं. तू लिहितोस, धम्मा. उगाच म्हणत नाही. कपाटातली निम्मी पुस्तकं तुझ्यापुढे पाणी भरतील.

पण एक विचारायचं आहे. तुझा तो अर्णक, नावाड्याकडे लपवून वाढवलेला राजपुत्र, राज्य करायला लायक आहे का? तू ते कुठेच लिहिलेलं नाहीस. राहून गेलं की टाळलंस?

आई


चिखली, २६ ऑगस्ट २०२५

चि. धम्मरत्न,

जयभीम.

तुझा मेसेज आला. इतक्या वर्षांनी पहिला. "आई, ती फँटसी आहे. त्यात असंच असतं." मी तो पुन्हा पुन्हा वाचला. रागावून लिहिलेला नाही, हे बघून घेतलं.

असंच असतं हे मलाही माहीत आहे. तसली पुस्तकं कपाटात आहेत आणि पोरं परत आणून देतात तेव्हा मी वाचते. राजाचं मूल धोक्यात येतं. कोणीतरी त्याला टोपलीत, पोत्यात नाहीतर होडीत घालून पळवतं. ते गुराख्याकडे, लोहाराकडे, कोळ्याकडे वाढतं. मग अंगावरची खूण दिसते, लोक गुडघे टेकतात आणि गादी मिळते. मधली सगळी वर्षं ते काय शिकलं? काही नाही. त्याला फक्त लपवलं. लपवणं म्हणजे वाढवणं नव्हे.

तुझा अर्णक बघ. होडी वल्हवतो, बासरी वाजवतो, राजवाड्याकडे बघून उसासे टाकतो. मेघनाळचं राज्य चालतं कशावर? धरणावर. हे तूच लिहिलं आहेस. किती दरवाजे, कोणत्या कालव्याला कधी पाणी, वरच्या गावाने जास्त घेतलं तर खालच्या गावात काय होतं, फार सुंदर लिहिलंस. आणि यातलं अर्णकाला काय येतं? त्याच्या हातात जुनी तलवार दिली की ती चमकते. बस.

तलवारीला काय ठाऊक रे?

आणि ते सगळं कोणाला येतं? त्याच्या मोठ्या बहिणीला, सौदामा राणीला. गादी बळकावणारी म्हणून तू तिला आणलीस. पण पूर आला तेव्हा धरणाच्या भिंतीवर उभी कोण होती? कमरेला दोर बांधून खाली कोण उतरलं? वाईट लिहायला बसलास आणि लिहिता लिहिता खरं लिहून गेलास. मला त्या भागाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला. मनात राग असलेल्या माणसाला असं लिहिता येत नाही. तुला आलं.

आता टोचेल असं लिहिते. आपल्या घरात जन्माची गोष्ट कोणी मोठेपणाने सांगत नाही. तुझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतून प्यायला लागायचं, का, तर जन्म. त्यांच्या मुलाने गाव सोडलं, इथे येऊन मशीनसमोर उभा राहिला आणि आपल्या हाताच्या कामावर माणूस झाला. त्याचा मुलगा लिहितो की तलवार रक्त ओळखते? फँटसीत असो नाहीतर कशात. तुझं राज्य तू मनातून काढलंस ना? मग त्यात हा जुना कायदा कोणी घातला?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. विचार कर.

आई


चिखली, १२ सप्टेंबर २०२५

चि. धम्मरत्न,

जयभीम.

या खेपेला तुझा मेसेज जरा लांब होता. "गोष्टीचं नाव काढून तू तुझीच बाजू मांडतेस. नोकरी माझी होती. सगळे म्हणत होते. तू ताईचं नाव दिलंस."

बरं झालं, लिहिलंस. सहा वर्षं हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू तर त्या दिवशी काही न बोलता बॅग भरलीस.

हो, मी दिलं. कामगार नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला वारस म्हणून घेतात, आणि कोणाला ते विधवेने सांगायचं असतं. आबाजीकाका समोर बसले होते. म्हणाले, "वहिनी, घरात पोरगा असताना पोरीचं नाव? भावकी हसंल."

मी म्हटलं, "हसू द्या. भावकी शिफ्टला येणार आहे का?"

ते उठून गेले. तू भिंतीला टेकून उभा होतास. तुला वाटलं, आईने मला नालायक ठरवलं. हो, ठरवलं. त्या कामाला. आजही तेच म्हणेन.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. दहावीनंतर बाबा तुला रविवारी कुदळवाडीत त्यांच्या ओळखीच्या यशवंतरावांच्या शेडमध्ये लेथ मशीनवर काम शिकायला न्यायचे. तू तेलाच्या डब्यावर बसून यशवंतरावांना भुताच्या गोष्टी सांगायचास. दोनदा लोखंड कापायचं टूल मोडलंस. बाबा घरी येऊन म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई. पण त्याचं ध्यान तितं न्हाई. मशीनला ध्यान लागतं, न्हाईतर बोटं जात्यात." मग तुला न्यायचं थांबवलं. तुला वाटलं सुटलो.

पुढच्या रविवारी ताई आपणहून डबा घेऊन गेली. संध्याकाळी बाबा आले ते चेहरा उजळून. "चतुरा, पोरगी नुसत्या आवाजावरून सांगती, टूल बोथट झालंय म्हनून! मला येक वरीस लागलं व्हतं ते कळायला."

त्या दिवसापासून ती दर रविवारी जायची. घरकुलात सांगितलं, शिवणक्लासला जाते. तुलाही तेच सांगितलं. बाबांचंच म्हणणं होतं ते. "धम्माला नगं सांगू. त्याला वाटंल, बापानं मला टाकून दिला आन् हिला धरली."

आता गंमत ऐक. शिवणक्लास म्हटल्यावर शेजारच्या शालनबाई ब्लाऊजपीस घेऊन हजर. "आमूला म्हणावं माझं येवढं शिव." ती काय शिवणार? तिला सुईत दोरा ओवता येत नाही. मग मीच दुपारी दार लावून शिवायची आणि तिच्या नावाने द्यायची. शालनबाई जिन्यात सगळ्यांना सांगायच्या, पोरीच्या हाताला काय सफाई आहे! बाया रांगेने यायला लागल्या. तुझ्या बहिणीचं कौतुक व्हायचं आणि पाठ माझी मोडायची. बाबा हसून हसून लोळायचे.

म्हणजे लपवलेला वारस आपल्याही घरात होता, धम्मा. फक्त तिला लपवून नुसतं ठेवलं नाही. शिकवलं.

आणि तिला कोणी गादीवर बसवलं नाही. आधी हेल्पर म्हणून घेतलं, लोखंडाचा चुरा झाडायला. मशीन मिळालं तेव्हा काय झालं ते ऐक. तिथे रीत अशी आहे की शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला पीस तपासणीच्या टेबलावर जातो. तो पास झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. माणूस कितीही जुना असो, साहेबाचा मेहुणा असो. ताईचा पहिला पीस नापास झाला. सगळे बघत होते. एकजण म्हणाला, "वारसदार मॅडम, बापाची खुर्ची मिळाली, हात न्हाय मिळाला वाटतं!" ती घरी येऊन जेवली नाही. मी विचारलं, उद्या जाशील? म्हणाली, "चूक माझीच होती. पीस धरणारा पट्टा सैल होता आणि मी बघितलं नाही." दुसऱ्या दिवशी गेली. पास झाला.

आता ती सेटर आहे. म्हणजे इतरांनी कामाला हात लावण्याआधी मशीन बांधून द्यायचं काम तिचं. तो टोमणा मारणारा तिनेच बांधलेल्या मशीनवर उभा असतो आणि तिला ताई म्हणतो.

तुझ्या लिहिण्याचं मला तेव्हा काही कळत नव्हतं. ते टिकावं म्हणून मी तुला कारखान्यापासून दूर ठेवलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मी फक्त एवढं बघितलं की काम कोणाला येतं.

तुझ्या अर्णकाचा पहिला पीस कोणी तपासला? हे विचारते, आणि तुला लेखक समजून विचारते, रागावून नाही.

आई


चिखली, ३० सप्टेंबर २०२५

चि. धम्मरत्न,

जयभीम.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. तुझा गेल्या आठवड्याचा भाग आला आणि लिहावं लागलं.

अर्णक सैन्य घेऊन धरणाखाली पोचला. राणी भिंतीवर एकटी. बाही सरकते आणि डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसतो, अर्ध्या पानाच्या आकाराचा. पुढचा भाग शेवटचा, असं खाली लिहिलं आहेस. त्याच्याखाली वाचणाऱ्यांची गर्दी. "भावा, राणीला सोडू नको." "डोकं उडव तिचं."

तो डाग कोणाचा आहे ते तुला माहीत आहे. बाबा गेले त्या वर्षी चहाचं पातेलं उचलताना भाजलं, तू ताईच्या हातावर पाणी ओतत होतास.

मला वाटायचं, तुझं लिहिलेलं या घरात मी एकटीच वाचते. आमू रोजच्या बसमध्ये वाचत होती. पहिल्या भागापासून. मला बोलली नाही, मी तिला बोलले नाही. काल घरी आली, डबा धुतला, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मला मारणारे तो, आई."

मी म्हटलं, "गोष्ट आहे."

"गोष्टच आहे. म्हणून तर. समोर आला असता तर चार शिव्या दिल्या असत्या, मीपण दिल्या असत्या. हा हजार लोकांसमोर मारणार आणि मी बसमध्ये बसून वाचणार."

मग म्हणाली, "मारलं तर मारू दे. पण त्यानंतर माझ्यापुढे त्याचं नाव काढायचं नाही. तूसुद्धा नाही."

ती बोलते तसं करते. तुझ्यापेक्षा मला ते जास्त माहीत आहे.

म्हणजे तुझ्या शेवटच्या भागावर माझं घर अडकलं आहे. तरी मी तुला शेवट बदल असं सांगणार नाही. नीट वाच. आईला वाईट वाटेल म्हणून लेखकाने राणी वाचवली तर ती वाचवणं खोटं. असलं मला कळतं. मी चाळीस वर्षं वाचते आहे आणि भीक म्हणून लिहिलेली पानं लगेच ओळखू येतात.

एवढंच सांगते. बहिणीशी भांडायचं असेल तर इथे ये आणि भांड. दार उघडं आहे, जेवून भांड. आणि गोष्ट लिहायची असेल तर त्या दोघांना भिंतीवर समोरासमोर उभं कर आणि तुझ्या मनात काय आहे ते बाजूला ठेवून ती दोघं काय करतील ते बघ. पूर लिहिताना तू तसं केलं होतंस. तुला येतं.

पुढे तू जाणे.

आई


चिखली, १४ ऑक्टोबर २०२५

धम्मा,

जयभीम.

रविवारी सकाळी तुझा शेवटचा भाग आला. आमूला सुट्टी होती. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू वाच. मोठ्याने. मी भाजी निवडते."

मी वाचायला लागले. अर्णक पायऱ्या चढून वर आला. तलवार चमकली, खाली सगळ्यांनी गुडघे टेकले. आमूचा हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर मला वाचता आलं नसतं.

राणीने तलवार उपसली नाही. तिने विचारलं, "पाणी चढतं आहे. राज्य तुझं. कोणता दरवाजा आधी उघडायचा?"

अर्णकाने तलवारीकडे बघितलं. खाली लोकांकडे बघितलं. तू तिथे एक पूर्ण परिच्छेद काहीच होऊ दिलं नाहीस, नुसतं पाणी. मग तो म्हणाला, "मला माहीत नाही."

इतक्या भागांत तो पहिल्यांदा मला आवडला.

राणी म्हणाली, "मग ती खाली ठेव. चक्राला दोन हात लागतात." त्याने ठेवली. दोघांनी मिळून दरवाजाचं चक्र फिरवलं. तिथेच संपवलंस. कोण राजा झालं ते लिहिलंच नाहीस. तो लायक आहे असं म्हटलं नाहीस, नाही असंही नाही. लायक व्हायला त्याला आता जागा आहे, एवढंच ठेवलंस.

धम्मा, हे मी सांगितलेलं नाही. मी पहिल्या पीसचं लिहिलं होतं, हे त्याच्या पुढचं आहे. हे तुझं आहे. कपाटातल्या एकाही पुस्तकात मी असं वाचलेलं नाही.

तुझे वाचणारे चिडलेत ते बघितलं. "फसवणूक." "एवढे भाग वाचले ते यासाठी?" एकाने लिहिलं आहे, लेखकाला राजा नको, पाटबंधारे खातं हवं. वाईट वाटून घेऊ नकोस. आरोही रुसली आहे, पण दुसऱ्यांदा वाचते आहे.

तुला फोन आमूने केला, मी सांगितलं नव्हतं. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, तिचं ऐकू आलं. "राणीचे केस पांढरे कशाला केलेस रे? चौतीस वर्षांची आहे मी!" मग, "आणि ती जेवते काय? नुसती द्राक्षं? एवढं चक्र फिरवते बाई, तिला भाकरी तरी दे." मग हळू आवाजात, "शिवणक्लासचं मी सांगायला हवं होतं. बाबा नको म्हणाले." नंतर ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं, म्हणून पुढचं मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

पण फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला माहीत नसणार, म्हणून हे पत्र.

शेजारी शालनबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "कोनाशी भांडत व्हतीस गं येवढी?"

आमू म्हणाली, "भावाशी."

"धम्माशी? बोलतो व्हय तो?"

"बोलतो. लेखक आहे तो, मावशी. तुमची आरोही फोनवर ती मेघनाळची गोष्ट वाचते ना, ती माझ्या भावाने लिहिलेली आहे." हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली.

शालनबाईंनी चिमटा तोंडातून काढला. "आगं बया! आमच्या नातीनं त्या गोष्टीपायी जेवन सोडलंय. मोठा मानूस झाला म्हनायचा की मग."

मी आत पोळपाट पुढे घेऊन बसले होते. कान तिकडेच होते.

आमू म्हणाली, "मोठा नाही अजून. शिकतोय. पण येईल त्याला."

बाबांनंतर या घरात कोणी कोणाबद्दल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आई